बाईंचे हात

मी आरोग्य सेवक होतो, पण गावात मला या हुद्द्यानं कोणी ओळखत नसे. मी मलेरियावाला. दर पंधरवड्याला सायकल मारत यायचं, घरोघर जाऊन "कोणाला ताप?" असं विचारायचं, असलाच तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि दाराशेजारी भिंतीवर छापलेल्या चौकोनात तारीख टाकून सही ठोकायची. साहेब तपासणीला आले की माणसांशी बोलत नसत, भिंतीवरच्या सह्या बघत. सही असली म्हणजे मी आलो होतो. कधी कधी सही असायची आणि मी आलेलो नसायचो, हेही कबूल करून टाकतो.

गाव खाडीकाठचं, भाईंदरजवळच्या मुर्ध्यापासून फार लांब नाही. नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती आणि हे वाचून कोणी त्यांना नावं ठेवावीत अशी माझी इच्छा नाही. रागावायचं असेल तर मी समर्थ आहे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी भाईंदर पूर्वेला एका चाळीत राहायचो. आता इंद्रलोकच्या बिल्डिंगा आहेत त्या अंगाला तेव्हा चिखल आणि मिठागरं. तिथून रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला यायचं आणि मग खाडीच्या वाऱ्याला शिव्या घालत गावापर्यंत.

गावात आमचं उपकेंद्र होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, वर पत्रा. मागच्या खोलीत नर्सबाई राहायच्या. त्या कोकणातल्या, आमच्यातल्याच, म्हणजे बौद्ध. मी मराठवाड्यातला. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दाखवला आणि मी "जय भीम" म्हणालो, तेवढ्यावर ओळख पक्की झाली. मी त्यांना बाई म्हणायचो, त्या मला दादा म्हणायच्या, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असूनही. यजमान लवकर गेलेले, मुलगी लग्न होऊन चिपळूणकडे. बाईंचं सगळं जग म्हणजे ते गाव आणि गावातली बाळंतपणं.

गावातली दहा वर्षांच्या आतली बहुतेक पोरं बाईंच्या हातावर जन्मलेली. त्या रस्त्यानं चालल्या की कोळणी आपापल्या पोरांना पुढे ढकलायच्या, "बाय बग, किती मोठा झाला," म्हणून. टोपलीतले मूठभर मासे बाईंच्या भांड्यात पडायचे, ते नको म्हणायची सोय नव्हती. जात कधी कोणी विचारली नाही. बाळ अडलेलं असताना कोण विचारतो म्हणा. बाईंचे हात लहान होते, बोटं आखूड, आणि त्या हातांचा त्यांना अभिमान होता. एकदा मला म्हणाल्या होत्या, "दादा, आमच्या डॉक्टरांचा हात जाणार नाही तिथं माझा जातो." मी तेव्हा नुकताच लग्न झालेला, लाजून रजिस्टरात तोंड घातलं.

गणपती गेले आणि साथ आली. उलट्या आणि जुलाब. जुलाब कसले, तांदळाच्या धुवणासारखं नुसतं पाणी. ज्याला कळतं त्याला हे बघितल्यावर आजाराचं नाव सांगावं लागत नाही, पण ते नाव कागदावर लिहायची आम्हाला परवानगी नव्हती. "गॅस्ट्रो लिहा," असं वरून सांगणं होतं. आम्ही गॅस्ट्रो लिहिलं. दोन दिवसांत उपकेंद्राचा ओटा भरला. पेशंट घोंगड्यांवर, आणि बोंबील वाळवायचे बांबू आणून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या. डॉक्टरसाहेब सकाळी येऊन जायचे. उरलेला दिवस बाई आणि मी. मी विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायचो, घरोघर मीठ-साखरेच्या पुड्या वाटायचो. बाई सुया लावायच्या, घाण काढायच्या, पुन्हा सुया लावायच्या.

तपासणीला येणारे साहेब म्हणाले, ज्या घरात पेशंट आहे त्या घरावर खूण करा, म्हणजे बाहेरून आलेली माणसं चुकायची नाहीत. दुसरा कोणी असता तर खडूनं रेघ मारून मोकळा झाला असता. पण पाऊस चालू होता आणि मी स्वतःला फार हुशार समजायचो. मी गेरू आणला, त्यात डिंक कालवला आणि प्रत्येक आजारी घरावर, माझ्या सहीच्या चौकोनाशेजारी, ताटाएवढा लाल गोल काढला. सर्वांत जास्त पेशंट उपकेंद्रात, म्हणून उपकेंद्राच्या दारावरही काढला. साहेबांनी पाठ थोपटली. पावसानं त्या गोलाचा कणही हलला नाही.

साथीत माणसं गेली. फार नाही गेली, पण त्यात एक चार वर्षांची मुलगी होती. ती बाईंच्याच हातावर जन्मलेली. आजीनं तिला खांद्यावर टाकून आणली तेव्हा डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. अंगातलं पाणी गेलं की शिरा बसतात, सुई कुठं घालावी कळत नाही. बाईंनी डाव्या हातावर बघितलं, उजव्या हातावर बघितलं, पायावर बघितलं. पाच-सहा ठिकाणी टोचलं. मी बाटली धरून उभा होतो. आजी समोर बसून प्रत्येक टोचण्याला दचकत होती. शेवटी घोट्याजवळ शीर मिळाली, पाणी सुरू झालं, आणि बाई हुश्श म्हणेपर्यंत पोर गेली. बाईंच्या मांडीवर गेली.

साथ पंधरा-वीस दिवसांत आटोक्यात आली. आम्हाला तालुक्याला बोलावून चहा पाजला, कौतुक केलं. इथपर्यंत जे झालं ते आमच्या कामाचा भाग आहे, त्याची तक्रार मी करत नाही. मला सांगायचंय ते नंतरचं.

दिवाळीला गावानं घरं रंगवली. चुन्याचे दोन हात बसले आणि घराघरांवरचे लाल गोल गेले, त्यांच्याबरोबर माझे सह्यांचे चौकोनही गेले. मला राग आला नाही. कोणाला आपल्या दाराशी तसली खूण हवी असेल? पोरीबाळींची लग्नं जमायची असतात, पाहुणे येतात. पण उपकेंद्र सरकारी. त्याला चुना लावायचा तर अर्ज, मंजुरी, मग ठेकेदार. सगळ्या गावात लाल गोल असलेलं एकच दार उरलं, ते बाईंचं. मी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून बघितला. दाराचा जुना रंग निघाला, गोल लाकडात मुरलेला होता तो आणखी उठून दिसायला लागला. माझ्याच पैशानं रंगाचा डबा आणून दार रंगवायला काय झालं होतं, असं आज वाटतं. तेव्हा सुचलं नाही. सरकारी दाराला हात कसा लावायचा, असंच डोक्यात होतं.

हळूहळू लोक यायचे बंद झाले. आधी वाटलं, सणाचे दिवस आहेत. मग लक्षात आलं, पोटुशा बाया तपासायला येत नाहीत. रिक्षा करून थेट भाईंदरच्या नर्सिंग होमला जातात, आणि ती रिक्षा उपकेंद्रासमोरून जाताना आतल्या बाया पदर नाकाला लावतात. माशांची टोपली दारावरून न थांबता पुढे जायला लागली. दुकानदार बाईंना पायरीवर चढू देईना. "बेन, वहीं रुको, मैं देता हूँ," म्हणायचा आणि पुडा पायरीवर ठेवायचा. विहिरीवर बाई गेल्या की बाकीच्या बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. कोणी वाकडं बोलत नव्हतं. तसं बोलले असते तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं.

शिवाशिव आम्हाला नवीन नव्हती. माझ्या बापानं गावी काय काय सोसलं ते मी ऐकत मोठा झालो होतो. पण इथं गोची अशी की बाया बाजूला झाल्या त्या आजाराला भिऊन, की इतके दिवस दाबून ठेवलेलं दुसरंच काही वर आलं, हे कळायला मार्ग नव्हता. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जातीचं असतं तर बरं होतं दादा. त्याला उत्तर माहीत आहे मला."

माझ्या घरीही फार वेगळं नव्हतं. मी साथीत काम केल्याची बातमी चाळीत पोचली होती. नळावर शेजारीण माझ्या बायकोला म्हणाली, "भाभी, आप लोग लास्ट में भरो ना, बच्चे हैं हमारे." बायकोनं घरी येऊन हंडा आपटला. आणि मला पेज खाता येईना. आजारपणात, उपासाला, कधीही आवडीनं खाणारा मी, ताटलीतलं ते पांढरं पाणी बघितलं की उठून बाहेर जायचो. बायकोला वाटायचं, मी नखरे करतोय. तिला काय सांगणार? मी बाहेर जाऊन सायकल पुसत बसायचो.

बाईंचं मात्र नुसतं ताटावरून उठण्यावर भागलं नाही. त्या हात धुवायला लागल्या. आधी साबणानं, मग धुण्याच्या सोड्यानं, मग माझ्याकडून ब्लीचिंग पावडर मागून घेतली. "फरशीला पाहिजे," म्हणाल्या, मी दिली. थंडीत त्यांच्या बोटांना भेगा पडल्या आणि भेगांतून रक्त यायला लागलं. मी गेलो की त्या एकच विचारायच्या, "दादा, मी आधी घोट्याला बघितलं असतं तर?" मी म्हणायचो, "बाई, शीर बसली होती, मोठ्या डॉक्टरलाही मिळाली नसती." त्या मान हलवायच्या. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तोच प्रश्न, त्याच शब्दांत. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी वैतागून म्हणालो, "बाई, आता पुरे करा." त्यानंतर त्यांनी मला विचारलं नाही. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी बरंच काही दिलं असतं.

मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं, नाडी बघितली, रक्त वाढायच्या गोळ्या आणि टॉनिक दिलं, आणि मुलीकडे चार दिवस जाऊन या म्हणाले. आमच्या रजिस्टरात तापाला रकाना होता, हगवणीला होता, कुत्रं चावल्याला होता. बाईंना जे झालं होतं ते कुठं भरायचं, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

त्यात मी आणखी एक शहाणपणा केला. जी पोर गेली तिच्या घरात धाकटी सून होती. साथीच्या वेळी तिला तिसरा महिना, पहिलंच बाळंतपण. साथीआधी ती बाईंकडे तपासायला यायची, नंतर सासूनं बंद केलं. गेलेल्या मुलीची आजी ती हीच सासू. पौषात मी त्या घरी ताप विचारायला गेलो. सासू बाजाराला गेलेली. सून दाराआडून हळूच म्हणाली, "बाईला सांगा, मी तिलाच बोलावीन. मना त्या नर्सिंग होमला न्हाय जायाचा." मी सायकलवर टांग मारून थेट उपकेंद्रात. किती आनंदात सांगितलं असेल मी ते! बाईंनी ऐकलं आणि उठून कपाटातली बाळंतपणाची पिशवी काढली.

त्या दिवसापासून कात्री, दोरा, पाती, बाळाच्या घशातलं पाणी ओढायची रबरी नळी, सगळं पुन्हा पुन्हा उकळून कोरड्या फडक्यात बांधलेलं तयार. मी गेलो की दिवस मोजून दाखवायच्या. "होळीच्या आगंमागं होईल." हातांच्या भेगांना खोबरेल लावायला लागल्या. त्या एका बोलावण्यावर बाई उभ्या होत्या. ते आलं की गाव परत येईल, असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही. नाहीच आलं तर काय, याचा विचार मी करत होतो. आलं तर काय, याचा मी एकदाही केला नाही.

होळी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी उपकेंद्रात महिन्याचा अहवाल लिहीत बसलो होतो. सासू धावत आली. ओट्याच्या खाली थांबली, धापा टाकत म्हणाली, "बाय, चल. पोरीला लय तरास होतोय. रिक्षा न्हाय भेटत, समदे होलीचे पाव्हने सोडाला गेलेत." बाई उठून उभ्या राहिल्या. सासू दोन पायऱ्या वर चढली आणि म्हणाली, "झाला गेला इसर बाय. आता तूच हायस." हे तिला सोपं गेलं नसणार. तिची नात याच ओट्यावर गेली होती.

बाईंनी पिशवी घेतली. आम्ही तिघं जवळजवळ पळतच गेलो. मी अंगणात थांबलो, पुरुषमाणसानं आत जायचं कारण नव्हतं. दार उघडं होतं, आतून सुनेचा आवाज येत होता. बाईंनी उंबऱ्याबाहेर पिशवी ठेवली आणि पाणी मागितलं. हात धुतले. सासू म्हणाली, चल. बाईंनी पुन्हा पाणी मागितलं. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा साबण लावायला लागल्या तेव्हा भेगांतून रक्त आलं, फेस तांबूस झाला. "अगो पुरे, ती मरंल थय!" सासू ओरडली.

बाईंनी हात पुढे धरले, त्यांच्याकडे बघितलं आणि मागे घेतले. म्हणाल्या, "आजी, तुम्ही धरा. मी इथून सांगते."

"बाई, आत जा," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्यानं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले आणि उंबऱ्यावर उभं राहून आत सांगायला लागल्या. आवाज जुना होता, खणखणीत. पाय दुमडायला सांगा. आता जोर नको, श्वास घे, पोरी. आजी, डोक्याखाली तळवा ठेवा, ओढू नका. एकही शब्द चुकला नाही. सासूनं कधी काळी शेजारणींची बाळंतपणं केली असतील, तिचे हात ते ऐकत होते. मी अंगणात उभा राहून बाईंच्या पाठीमागच्या त्या दोन हातांकडे बघत होतो. बोटं पांढरी पडली होती.

बाळ झालं आणि रडलं नाही.

सुनेचा आवाजही थांबला. "पालथं घ्या, पाठ चोळा," बाई म्हणाल्या. "तळपायाला टिचक्या मारा." काही नाही. पिशवीत रबरी नळी होती, दोन महिने उकळून ठेवलेली. ती वापरायला गावात एकाच माणसाला येत होतं, आणि ते माणूस दारात उभं होतं. बाईंनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. मी मनात म्हणालो, जा. त्यांनी पाय परत घेतला. मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की मी त्यांना आत ढकलणारच होतो. मी ढकललं नाही. मीही काही केलं नाही. "फडक्यानं तोंड पुसा, आजी, बोट घालून घशातलं काढा, परत चोळा, जोरात," बाई ओरडत होत्या आणि त्यांचा आवाज आता फुटत होता.

मग बाळ खोकल्यासारखं झालं आणि रडलं. मुलगी होती.

पुढचं सगळं सासूनं केलं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे दोरा बांधला, नाळ कापली. गुंडाळलेलं बाळ घेऊन ती दारात आली आणि बाईंसमोर धरलं. "घे," म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. बाई दोन पावलं मागे सरल्या. "राहू दे," म्हणाल्या, "आईच्या कुशीत ठेवा, ऊब पाहिजे." सासू तशीच उभी राहिली. तिला वाटलं असणार, बाईंनी इतक्या महिन्यांचा राग मनात धरलाय.

परत येताना मी सायकल हातात धरून बाईंच्या बरोबरीनं चालत होतो. बोलावणं आलं होतं, बाळ जगलं होतं, आता गाव बाईंना पुन्हा दारात उभं करणार होतं, पण बाई कुठल्याही दाराच्या आत जाणार नव्हत्या, हे मला चालता चालता कळत होतं. पुढे जूनमध्ये त्यांनी बदली मागून घेतली, कागदपत्रांच्या कामावर. मी त्यांना थांबा म्हणालो नाही.

पण त्या दुपारी, मिठागराच्या बांधावर, त्या अचानक थांबल्या. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना बघितलं.

"दादा, बघितलंत ना?" त्या म्हणाल्या. "मी हात लावला नाही, म्हणून जगली."